वीस वर्षं थांबलेला थेंब

दोस्तांनो, आजच्या विषयाचं नाव काढलं की तुमच्यापैकी निम्मे जण नाक मुरडणार आणि उरलेले खुदुखुदु हसणार, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आधी हसून घ्या. विषय आहे लघवीच्या एका छोट्याशा बाटलीचा.

झालं हसून? मग आता ऐका. साल १९९१. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात एक बाई दवाखान्यात गेली आहे. तिला बाळ होणार आहे, पण अजून तीन महिनेही झालेले नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणारसुद्धा नाही. तिथल्या नर्सनं तिला विचारलं, "आमच्या विद्यापीठाचा एक अभ्यास चालला आहे. तुमच्या रक्ताचा आणि लघवीचा थोडासा नमुना आम्ही ठेवून घेऊ का?" बाईनं विचार केला आणि 'हो' म्हटलं. बाटलीवर क्रमांक लागला, बाटली गोठवली गेली. त्या बाटलीचं पुढे नेमकं काय करायचं, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. बाईला नाही, नर्सला नाही, अभ्यास करणाऱ्यांनाही नाही!

सुमारे वीस वर्षांनी दुसऱ्याच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना एक प्रश्न पडला. हे सरे विद्यापीठ. तिथल्या सारा बाथ आणि मार्गारेट रेमन यांना जाणून घ्यायचं होतं, की आईच्या आहारात आयोडीन थोडं कमी पडलं तर बाळाच्या बुद्धीवर परिणाम होतो का? आयोडीन म्हणजे तेच, जे आपल्याकडे मिठाच्या पुडीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं. आपल्या गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला ते लागतं. फारच कमी पडलं तर गलगंड होतो, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. पण 'थोडंसंच' कमी पडलं तर? पोटातल्या बाळाचा मेंदू घडत असतो, त्याला ते जाणवतं का?

आता हा प्रश्न सोडवायचा कसा? आज गरोदर असलेल्या बायकांची लघवी तपासायची, मग त्यांची मुलं आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत वाट बघायची. म्हणजे दहा वर्षं गेली. पण ब्रिस्टलच्या गोठवलेल्या बाटल्या तर तयारच होत्या. आणि त्या बायकांची मुलं केव्हाच मोठी झाली होती. आठव्या वर्षी त्यांनी बुद्धीच्या चाचण्या दिल्या होत्या, नवव्या वर्षी वाचनाच्या. त्यांचे गुण नोंदवून ठेवलेले होते. दोन टोकं तयार होती, मधला दोरा तेवढा ओवायचा होता.

शास्त्रज्ञांनी सुमारे १०४० मातांच्या बाटल्यांतलं आयोडीन मोजलं. निष्कर्ष २०१३ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. यातल्या दोन तृतीयांश मातांना गरोदरपणात आयोडीन पुरेसं मिळालेलं नव्हतं, आणि त्यांची मुलं शब्दांच्या बुद्धिचाचणीत आणि वाचनात मागे राहण्याची शक्यता जास्त होती. ही माणसं काही गरीब देशातली नव्हती बरं का. ब्रिटनमध्ये आपल्यासारखं घरोघरी आयोडीनचं मीठ नसतं. तिथल्या लोकांना आयोडीन मिळतं ते मुख्यतः दूध आणि मासे यांतून, आणि त्यामुळे 'आपल्याकडे काही कमी नाही' असंच सगळे धरून चालले होते. (अशा अभ्यासात एक सावधगिरी लागते. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळेच दुसरी झाली, असं लगेच म्हणता येत नाही. म्हणूनच आईचं शिक्षण, घरचं वातावरण, बाकीचा आहार हे सगळं हिशेबात धरून त्यांनी पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं.)

आता वर्तमानपत्रात बातमी येते ती इथपर्यंतचीच. शास्त्रज्ञांना शोध लागला, टाळ्या! पण मला कुतूहल आहे ते मधल्या माणसांचं. बाटली एका शहरात, शास्त्रज्ञ दुसऱ्या शहरात, मुलांचे गुण तिसऱ्याच कपाटात आणि त्या बाईचं नाव कुणालाही कळता कामा नये! हे सगळं जुळवून नमुना शास्त्रज्ञाच्या हाती देण्यासाठी किती खटपट करावी लागते, ते आज बघू. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून आपण तरी दोन मिनिटं जास्त थांबू.

आधी या अभ्यासाची ओळख करून घ्या. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आद्याक्षरं घेऊन त्याला 'आल्स्पॅक' म्हणतात. लाडानं 'चिल्ड्रेन ऑफ द नाइन्टीज', म्हणजे नव्वदीची मुलं! जीन गोल्डिंग या संशोधक बाईंनी तो ब्रिस्टल विद्यापीठात उभा केला. तेव्हाच्या एव्हॉन परगण्यात ज्यांच्या बाळंतपणाची तारीख १ एप्रिल १९९१ ते ३१ डिसेंबर १९९२ या काळात होती, अशा सगळ्या बायकांना आमंत्रण होतं. १४,५४१ गरोदरपणांची नोंद झाली. त्यांतून जन्मलेली मुलं आज तिशीत आहेत. त्यांतल्या कित्येकांना स्वतःची मुलं झाली, आणि तीही आता अभ्यासात आहेत. म्हणजे आजी, आई आणि नातवंड अशा तीन पिढ्या एकाच अभ्यासात!

त्यांनी काय काय गोळा केलं माहीत आहे? आईचं रक्त, लघवी, बाळाच्या नाळेतलं रक्त, केस, नखं. मुलांचे दुधाचे दातसुद्धा! आपल्याकडे पडलेला दात कौलावर फेकतात किंवा उंदराच्या बिळात टाकतात, तिकडच्या मुलांनी तो शास्त्रज्ञांना पाठवला. आणि सगळ्यांत मोठा साठा म्हणजे वार. बाळ पोटात असताना ज्या अवयवातून त्याला अन्न आणि प्राणवायू मिळतो, बाळ जन्मल्यावर जो बाहेर पडतो, ती वार. एरवी ती टाकून देतात. आपल्याकडे ती जमिनीत पुरायची पद्धत होती. 'आमची नाळ इथं पुरलीय' असं गावाकडचे आजोबा म्हणतात, ते त्यावरूनच. ब्रिस्टलच्या मंडळींनी मात्र सुमारे ९००० वारा फॉर्मॅलिन नावाच्या द्रवात बुडवून, प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून जपून ठेवल्या. नऊ हजार डबे! ते ठेवायला जागा किती लागली असेल, याचा विचार करा. आणि दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी शहाणा माणूस म्हणत असणारच, "हे सगळं काय करायचंय? टाकून द्या की!" आपल्या घरात माळ्यावरच्या सामानाबद्दल म्हणतात तसंच.

रक्ताचं जरा वेगळं असतं. रक्त आहे तसं ठेवलं तर खराब होतं. म्हणून नळी आधी एका यंत्रात गरागरा फिरवतात, गोफण फिरवावी तशी. मग जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर पाण्यासारखं रक्तद्रव येतं आणि दोन्हींच्या मध्ये पातळ सायीसारखा पांढरट थर राहतो. तो थर पांढऱ्या पेशींचा. डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहितीचा धागा, त्याच सायीतून काढतात. रक्तद्रव वेगळं, साय वेगळी, असं करून ते लहान लहान नळ्यांत भरतात.

लहान लहान का? एकाच मोठ्या बाटलीत ठेवलं तर जागा नाही का वाचणार? वाचेल. पण एक कुल्फी वितळू द्या आणि पुन्हा गोठवा. खाऊन बघा. तिच्यात बर्फाचे कण होतात, चव जाते. रक्तद्रवाचंही तसंच होतं. दर वेळी वितळवून पुन्हा गोठवलं की त्यातले नाजूक रेणू मोडतात आणि पुढचं मोजमाप चुकतं. म्हणून आधीच वाटे करून ठेवायचे. एका शास्त्रज्ञाला एक वाटा. बाकीच्यांना धक्का लावायचा नाही.

हे वाटे उणे ८० अंश सेल्सियसच्या फ्रीझरमध्ये राहतात. तुमच्या घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे १८च्या आसपास असतो, यावरून अंदाज करा. जिवंत पेशी ठेवायच्या असतील तर त्याहून थंड, द्रव नायट्रोजनच्या टाकीत, म्हणजे उणे १९६ला उकळणाऱ्या द्रवाच्या संगतीत. आणि हा गारवा वर्षाचे ३६५ दिवस टिकवावा लागतो. स्वीडनमधल्या कारोलिन्स्का या नामांकित संस्थेत २०२३च्या डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या तोंडावर, १६ टाक्यांचा नायट्रोजन पुरवठा बंद पडला. सुट्टीत ते वेळेवर कळलं नाही. रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी तीस वर्षं जमवलेले नमुने त्यात गेले. पैसे भरून ते परत मिळणार नाहीत. त्यातल्या कितीतरी नमुन्यांची माणसंही आता नसतील.

तर समजा, तुम्ही या नमुन्यांच्या कोठाराचे राखणदार आहात. एका शास्त्रज्ञाचा अर्ज आला : 'मला अमुक इतक्या मातांचं रक्तद्रव हवं आहे.' काय कराल?

पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. एका आईचं समजा १ मिलिलिटर रक्तद्रव शिल्लक आहे. म्हणजे १००० मायक्रोलिटर. एका चाचणीला ५० लागतात. म्हणजे वीस चाचण्या झाल्या की ती आई 'संपली'. १९९१मध्ये परत जाऊन तिचं रक्त आणता येत नाही. आणि कोण जाणे, २०४० साली एखादा असा प्रश्न उभा राहील की त्याचं उत्तर याच थेंबात असेल! म्हणून हे कोठार सांभाळणारे लोक चिक्कू असतात. असायलाच हवेत. शास्त्रज्ञाला ते विचारतात, "हेच उत्तर दुसऱ्या कुणाच्या जुन्या मोजमापातून मिळत नाही ना? कमी थेंबांत भागेल का? तुमचं यंत्र नीट चालतं याची खात्री तुम्ही साध्या नमुन्यांवर करून घेतली आहे ना?" डीएनएच्या बाबतीत मात्र एक युक्ती आहे. काही पेशी प्रयोगशाळेत अशा रीतीनं वाढवतात की त्या पुन्हा पुन्हा वाढत राहतात. विरजणासारखं! चमचाभर विरजण बाजूला ठेवलं की उद्या पुन्हा दही लागतं, आणि ते कधी संपत नाही. ब्रिस्टलच्या मंडळींनी हजारो माणसांच्या पेशींचं असं विरजण लावून ठेवलेलं आहे. रक्तद्रवाला आणि लघवीला विरजण नाही.

बरं, परवानगी दिली. आता नळ्या शोधा. तीस वर्षांपूर्वीचं लेबल. त्या वेळी हातानं लिहिलेलं असेल, शाई पुसट झाली असेल, थंडीनं डिंक सुटला असेल. ७ आहे की १, हे भिंगातून बघायचं. कॉम्प्युटरमधली यादी म्हणते की ही नळी तिसऱ्या खणातल्या पाचव्या डब्यात आहे. तिथं ती नसते! मग शोधाशोध. सापडलेल्या प्रत्येक नळीला नवा बारकोड लावायचा, तोही उणे ८०मध्ये टिकणारा. आणि हे सगळं करताना नळी वितळता कामा नये, म्हणून कोरड्या बर्फावर ठेवून, जाड हातमोजे घालून, भराभरा. कंटाळवाणं काम आहे. पण यात एक नळी चुकली तर एका आईचं आयोडीन दुसऱ्या आईच्या मुलाला चिकटेल, आणि ते कुणाला कधी कळणारही नाही.

डीएनएच्या नळ्या देताना आणखी एक गोष्ट करावी लागते. दहा जणांनी दहा ग्लास सरबत केलं तर कुणाचं गोड होईल, कुणाचं पाणचट. तसं प्रत्येक नळीतल्या डीएनएचं प्रमाण वेगळं असतं. ते मोजून, पाणी घालून सगळ्यांची 'गोडी' सारखी करायची. मग ते एका तबकात भरायचं. हे तबक म्हणजे इडलीपात्रच समजा, फक्त त्यात आठ ओळी आणि बारा रांगा, म्हणजे ९६ खळगे असतात, आणि प्रत्येक खळग्यात थेंबभरच मावतं. सगळे खळगे खऱ्या नमुन्यांनी भरत नाहीत. काहींत नुसतं पाणी, काहींत ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना आणि काहींत एकाच आईचा नमुना दोन ठिकाणी. शास्त्रज्ञाला हे सांगत नाहीत! त्याच्या यंत्रानं पाण्यात काही 'शोधून काढलं', किंवा एकाच आईची दोन वेगळी उत्तरं दिली, तर चोरी पकडली जाते. परीक्षेत शिक्षक एखादा सोपा प्रश्न मुद्दाम घालतात ना, तसंच.

मग तबकं कोरड्या बर्फात, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये, पॅक करून पाठवायची. डब्यात एक छोटं यंत्र ठेवतात, ते वाटभर तापमान टिपत जातं. डबा कुठल्या विमानतळावर उन्हात पडून राहिला असेल तर ते यंत्र चुगली करतं.

नमुने झाले. पण नुसत्या नमुन्यांचा काय उपयोग? ही आई काय खात होती, तिचं वय काय, बाळ किती वजनाचं झालं, हे सगळं सोबत नको का? ही माहिती. तीही 'तयार' करावी लागते, आणि माझ्या मते हे काम नळ्यांहूनही अवघड आहे.

एक गंमत बघा. समजा चार मातांना विचारलं, रोज किती सिगारेटी ओढता? पहिली म्हणाली ०, दुसरी ०, तिसरी ५. चौथीनं उत्तरच दिलं नाही. जुन्या काळी अशा रिकाम्या उत्तरासाठी ९९ हा आकडा लिहीत. आता हे माहीत नसलेल्या कुणी सरासरी काढली तर? ० + ० + ५ + ९९ भागिले ४, म्हणजे २६! बिचाऱ्या माता एकदम अट्टल सिगारेटबाज ठरल्या. बरं, त्या ९९ ऐवजी ० लिहिलं तरी चूकच. 'सांगितलं नाही' आणि 'ओढत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून प्रत्येक रकान्यासोबत एक शब्दकोश द्यावा लागतो. या आकड्याचा अर्थ काय, तो कोणत्या आठवड्यात विचारला, कोणत्या एककात. एककांचा घोळ तर विचारूच नका. इंग्लंडात त्या काळी पुष्कळ बायका आपलं वजन 'स्टोन'मध्ये सांगत. एक स्टोन म्हणजे सुमारे ६.३५ किलो. कागदावर नुसतं '९' असेल तर ते ९ स्टोन, म्हणजे ५७ किलो. ९ किलोची आई नव्हे!

आणि मग येतो सगळ्यांत नाजूक भाग. नाव लपवणं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? नाव खोडायचं, झालं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनाही असंच वाटलं होतं. तिथं सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावं आणि पत्ते काढून संशोधकांना दिल्या गेल्या. काळजी करू नका, असं लोकांना सांगितलं गेलं. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीनं १९९७च्या सुमारास ते पारखून पाहायचं ठरवलं. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिज शहरात राहतात, हे सर्वांना माहीत होतं. तिनं वीस डॉलर देऊन त्या शहराची मतदारयादी विकत घेतली. यादीत गव्हर्नरांच्या जन्मतारखेचे सहाच जण निघाले. त्यांतले पुरुष तीन. आणि त्यांच्या पिनकोडचा एकच! तिनं त्यांच्या आजारपणाच्या नोंदी अचूक हुडकून काढल्या. नाव कुठंही लिहिलेलं नसताना!

आता तुमच्याच शाळेचा विचार करा. तुमच्याच तारखेला, त्याच महिन्यात, त्याच वर्षी जन्मलेलं आणि तुमच्याच गल्लीत राहणारं दुसरं कुणी आहे? बहुधा नाही. म्हणजे तुमचं नाव न घेताही 'तुम्ही' सापडता.

म्हणून माहिती देण्यापूर्वी जन्मतारीख काढून टाकतात, तिच्याऐवजी 'इतके आठवडे वय' असं लिहितात. पत्ता काढतात. फार विरळा गोष्टी बाजूला ठेवतात. समजा तिळी मुलं झाली. एका जिल्ह्यात दोन वर्षांत अशा किती माता असणार? 'तिळ्यांची आई, वय ३८' एवढं म्हटलं की शेजारपाजारचे लगेच ओळखतील. तक्त्यात कुठल्याही चौकटीत पाचापेक्षा कमी माणसं येत असतील तर तो आकडाही छापू देत नाहीत. ब्रिस्टलमध्ये नाव-पत्त्यांची यादी एकीकडे आणि उत्तरं दुसरीकडे, असं वेगवेगळं ठेवलेलं आहे. त्यांची आणखी एक हुशारी मला फार आवडते. एकाच मुलाची माहिती दहा शास्त्रज्ञांना दिली तर त्याला दहा वेगवेगळे क्रमांक देतात. दोघा शास्त्रज्ञांनी आपापल्या याद्या शेजारी ठेवल्या तरी त्या जुळत नाहीत. आणि काम झालं की शास्त्रज्ञानं आपली मोजमापं कोठाराला परत द्यायची. वाचनालयातून पुस्तक नेलं, तर परत करताना आपलं एक पुस्तकही शेल्फावर ठेवून जायचं. पुढच्याला तेवढेच थेंब कमी लागतात.

इतकी काळजी कशाला, असं तुमच्या घरातल्या मोठ्यांना वाटलं तर त्यांना टेक्सासची हकिगत वाचून दाखवा. तिथं, बऱ्याच देशांप्रमाणे, प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब घेऊन कागदावर टिपतात आणि काही जन्मजात आजारांसाठी तपासतात. फार चांगली तपासणी आहे, तिनं अनेक बाळं वाचतात. पण तिथल्या आरोग्य खात्यानं तपासणीनंतर ते कागद संशोधनासाठी ठेवून दिले, आणि आईवडिलांना विचारलंच नाही. ते कळल्यावर पालक संतापले, २००९ साली कोर्टात गेले. शेवटी तडजोड झाली, आणि ५० लाखांहून अधिक बाळांचे रक्ताचे कागद नष्ट करावे लागले. त्यांत किती प्रश्नांची उत्तरं होती, ते आता कळायला मार्ग नाही. एक साधा प्रश्न न विचारल्यामुळे! खरं सांगू? मला इथं पालकांचंच बरोबर वाटतं. रक्त बाळाचं, खातं म्हणतं कागद आमचा. हे कसं चालेल?

पण यात एक पेच आहे, आणि तो तुमच्या वयाच्या मुलांनाच जास्त पटकन दिसेल. ब्रिस्टलच्या आयांनी 'हो' म्हटलं, ठीक. पण नाळेतलं रक्त तर बाळाचं होतं. त्याला कुठं कुणी विचारलं? विचारणार तरी कसं? मग असं केलं की मुलं मोठी होऊन १८ वर्षांची झाली, तेव्हा त्यांनाच पत्र गेलं : पुढे राहायचं का? काहींनी हो म्हटलं, काही बाजूला झाले. ज्याला नको असेल त्याला कधीही बाहेर पडता येतं, 'का' असं विचारत नाहीत. अभ्यासाची स्वतःची नीतिसमिती पहिल्यापासून आहे, आणि मुलं वयात आल्यावर त्यांच्यातल्याच काहींचं एक सल्लागार मंडळही नेमलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला पत्रात काय आवडत नाही, हे पन्नाशीच्या प्राध्यापकापेक्षा त्यालाच जास्त कळतं.

आपल्या पुण्याजवळही असाच एक अभ्यास आहे, आणि त्याचं नाव जगभर घेतात. १९९३ ते १९९६ या काळात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या गरोदर बायकांचा आहार, काम, रक्त यांची नोंद ठेवली. शेतावर राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायका. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी त्यांच्या बाळांची तुलना केली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं सुमारे २.७ किलोचं. पण आश्चर्य असं, की आपलं बाळ हाडानं आणि स्नायूंनी बारीक असूनही त्याच्या अंगावरची चरबी त्या मानानं कमी नव्हती! याला 'थिन-फॅट' बाळ म्हणतात, म्हणजे बारीक तरी गुबगुबीत. पुढे त्या आयांच्या गरोदरपणातल्या रक्ताचे आकडे आणि सहा वर्षांच्या मुलांच्या तपासण्या शेजारी ठेवल्यावर २००८ साली दिसलं, की दोन तृतीयांश मातांना बी-१२ जीवनसत्त्व कमी पडत होतं. ज्यांचं बी-१२ कमी आणि फोलेट मात्र जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये मधुमेहाकडे झुकणारी लक्षणं अधिक होती. आपल्या घराघरात मधुमेह का वाढतो, याचा एक धागा अशा रीतीनं आईच्या पोटापर्यंत जाऊन पोचला. ती बाळं आज तिशीच्या आसपासची माणसं आहेत, आणि त्यांचाही अभ्यास पुढे चालू आहे.

घरच्या मोठ्यांनो, तुमच्याकडे एक काम. मुलांचं जन्माच्या वेळचं कार्ड अजून असेल तर ते कपाटातून काढा आणि त्यांना दाखवा. जन्माचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असेल, लशींच्या तारखा असतील. तेवढ्यावरूनही ओळखा : यातला कुठला रकाना खोडला की हे कार्ड कुणाचं ते कळणार नाही?

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हे गणित. १०४० मातांचे नमुने आहेत. खात्रीसाठी प्रत्येक नमुना दोनदा मोजायचा आहे, म्हणजे दोन खळगे. एका तबकात ९६ खळगे, पण त्यांतले ८ पाण्यासाठी आणि ओळखीच्या नमुन्यांसाठी राखून ठेवायचे. तर किती तबकं लागतील, आणि शेवटच्या तबकात किती खळगे रिकामे राहतील? उत्तर पुढच्या अंकात. राखून ठेवलेले आठ खळगे रिकामे धरायचे नाहीत हं!